चाकाची रुंदी आणि रस्त्याचा इतिहास

सायकलीच्या टायरची रुंदी किती असावी हा प्रश्न वरवर पाहता इतका लहान वाटतो की, दुकानदाराने गिऱ्हाइकाच्या खिशाचा अंदाज घेऊन तो दोन वाक्यांत निकालात काढावा. परंतु ही रुंदी गेल्या सुमारे १४० वर्षांत कशी वाढली, कशी आकसली आणि आज पुन्हा का वाढू लागली आहे, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे त्या रबरी कड्यामागे खडी फोडणारे मजूर, रस्त्यांच्या समित्या, फाळणीने देशोधडीला लागलेले व्यापारी आणि शर्यतींचे षोकी यांची एक दीर्घ परंपरा उभी असल्याचे ध्यानात येते. मोहालीत राहून हा इतिहास लिहिण्यात मला विशेष औचित्य वाटते; कारण देशातील सायकलींच्या धंद्याचे माहेरघर असलेले लुधियाना येथून सुमारे १०० किलोमीटरवर आहे, सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्ग आखणारे चंडीगड तर शिवेला शीव लावून आहे, आणि दक्षिणेस थोड्याच अंतरावरून तो ग्रँड ट्रंक रस्ता जातो, ज्यावरून सायकलीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला प्रवासी हिंदुस्थान ओलांडून गेला. या साऱ्या इतिहासातून एकच सिद्धान्त निघतो असे माझे मत आहे, आणि तो असा की, टायरची योग्य रुंदी यंत्रावरून ठरत नाही, ती रस्त्यावरून ठरते. आणि ज्या ज्या वेळी माणसाने रस्ता विसरून केवळ यंत्राकडे पाहिले, त्या त्या वेळी त्याने आपली शक्ती व्यर्थ घालविली.

तो पृथ्वीप्रदक्षिणा करणारा प्रवासी म्हणजे थॉमस स्टीव्हन्स. १८८४ च्या एप्रिलमध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला तेव्हा त्याच्या सायकलीचे पुढचे चाक ५० इंच व्यासाचे होते, मागचे त्यामानाने चिमुकले होते, आणि दोन्हींवर घन रबराची, जेमतेम बोटभर जाडीची पट्टी बसविलेली होती. अफगाणिस्तानातून त्यास परत फिरविण्यात आले. तेव्हा समुद्रमार्गे कराचीस येऊन, तेथून रेल्वेने लाहोर गाठून, १८८६ साली त्याने अमृतसर, लुधियाना, अंबाला, दिल्ली असा कलकत्त्यापर्यंतचा पल्ला ग्रँड ट्रंक रस्त्याने सायकलीवरून पार केला. सतलज आणि यमुना यांच्यामधील हा प्रदेश गाळाच्या मातीचा. येथे दख्खनसारखा काळा दगड कोठेही हाताशी नाही, परंतु शेतांच्या थराखाली चुनखडीचे ओबडधोबड गोळे सापडतात, त्यांस कंकर म्हणतात, आणि तेच पसरून, पाण्याने भिजवून, धुमसाने ठोकले म्हणजे त्यांचा एकजीव, जवळजवळ चुनेगच्चीसारखा थर बनतो. घन रबराच्या अरुंद पट्टीवर बसलेल्या माणसास असा रस्ता मिळणे हे त्या काळी परमभाग्यच होते.

कारण घन रबराचे चाक खड्यावर आदळले म्हणजे खडा रबरात रुतत नाही. चाक, सायकल आणि स्वार ही तिन्ही त्या खड्याच्या उंचीइतकी वर उचलली जातात, आणि उचलण्यात खर्च झालेली शक्ती खाली आपटताना हाडांत आणि सांध्यांत विरून जाते. या दोषावर त्या पिढीला एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे चाकाचा व्यास वाढविणे. फ्रान्समध्ये ड्यूपुई आणि मोरँ या दोन अभियंत्यांनी १८३० आणि १८४० च्या दशकांत गाड्यांच्या चाकांना होणाऱ्या रोधासंबंधी मोठा वाद घातला होता. व्यास वाढला की रोध घटतो यावर दोघांचे एकमत होते, मतभेद होता तो किती घटतो याविषयी. रुंदीचा विचार मात्र त्या काळी रस्त्याच्या रक्षणासाठी होत असे. इंग्लंडात १७५३ साली कायदा होऊन पथकराच्या रस्त्यांवरील जड गाड्यांच्या चाकांना किमान ९ इंच रुंदीची सक्ती झाली. कारण अरुंद लोखंडी धाव रस्ता नांगरून काढते, ही तक्रार सरकारदरबारी जुनीच होती. आपल्याकडील बैलगाडीच्या धावेने पावसाळ्यात पडणाऱ्या चाकोऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कायद्याचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. चाक आणि रस्ता ही एकमेकांना घडवीत आणि बिघडवीत असतात, हे सत्य सायकलीच्या जन्मापूर्वीच राज्यकर्त्यांच्या लक्षात आले होते.

१८८८ हे वर्ष या कथेत दोन कारणांनी संस्मरणीय आहे. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेने भरलेली रबरी नळी तयार केली आणि त्या वर्षी तिचे पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने हीच कल्पना १८४५ साली घोडागाड्यांसाठी नोंदविली होती, आणि पुढे त्यामुळेच डनलॉपचा हक्क रद्द झाला. पण थॉमसनच्या काळी सायकलच नव्हती आणि डनलॉपच्या काळी ती दारोदार पोहोचू लागली होती. १८८९ च्या मे महिन्यात विल्यम ह्यूम या स्वाराने बेलफास्टच्या मैदानावर ही फुगीर, बेढब दिसणारी टायरे लावून शर्यती जिंकल्या. अरुंद आणि कठीण ते वेगवान, रुंद आणि मऊ ते मंद, ही कल्पना तेव्हाच एकदा भर मैदानात खोटी ठरली होती, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत, तेथून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. सायकलीवर बसावयास शिकविण्याचे १५ रुपये घेतले जात, असे सांगतात. पुढे नांगर, चरक आणि पंप घडविणाऱ्या एका विशाल कारखानदारीचा उगम या दुकानात आहे, आणि बेळगावातील तो रस्ता आजही किर्लोस्करांच्या नावाने ओळखला जातो. नव्या यंत्राची भीती बाळगणाऱ्या समाजात दोन मराठी बंधूंनी चाकावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास दुसऱ्यांनाही शिकविला, या गोष्टीचे मोल मला कोणत्याही विक्रमाहून अधिक वाटते.

हवेची टायरे आली, परंतु ती हिंदुस्थानात ज्या रस्त्यांवर उतरली ते रस्ते कसे होते? दख्खनमध्ये काळा पाषाण फोडून त्याची खडी पसरावयाची, वर मुरूम टाकावयाचा, पाणी मारून रूळ फिरवावयाचा, आणि मग दोन पावसाळ्यांत मुरूम वाहून गेला की उघड्या पडलेल्या खडीवरून पुन्हा बैलगाड्या न्यावयाच्या, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. अशा रस्त्यास टिकणारी जी सायकल इंग्लंडातून आली आणि येथील जीवनात कायमची रुजली, ती रॅले, हंबर, बी.एस.ए., हर्क्युलिस आदी नावांची उंच, काळी, दांड्यांच्या ब्रेकची सायकल होय. तिचे टायर जवळून पाहण्यासारखे आहे. कडेवर २८ × १½ असा आकडा. म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे २८ इंच आणि रुंदी दीड इंच, आजच्या मापात ३८ ते ४० मिलिमीटर. आत सुताचे जाड कापड, वर जाड रबर, कडांत पोलादी तारा, आणि हवा दर चौरस इंचास ४५ ते ५५ पौंडांच्या आसपास. पंक्चर झाले की दुकानातला पोऱ्या टामीने टायर उचकटतो, ट्यूब बाहेर ओढून पाण्याच्या घमेल्यात बुडवितो, बुडबुडे दिसले की तेथे बोट दाबून धरतो, जागा कानशीने घासून सोल्यूशन लावतो, ठिगळ डकवून हातोडीने ठोकतो, आणि व्हॉल्व्हवरची रबरी नळी कुजली असेल तर तीही बदलून देतो. हा सारा विधी मुंबई इलाख्यात आणि पंजाबात अक्षरशः सारखाच चालत आला आहे.

पुण्यास सायकलींचे शहर ही ख्याती याच टायरांवर मिळाली. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने, नगरपालिकेचा पितळी बिल्ला, रात्री दिवा नसल्यास किंवा डबलसीट आढळल्यास होणारा दंड, या गोष्टी त्या शहराच्या दिनचर्येचाच भाग होत्या. मुंबईहून १९२३ च्या ऑक्टोबरात निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैल सायकलीवर काढून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले, तेव्हा हवा भरलेल्या चाकाने कोणत्याही भूमीवर जाता येते हे सिद्ध झाले. १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे डनलॉपचा कारखाना उभा राहिल्यावर टायर देशातच बनू लागले, आणि ते नाव इतके खोल मुरले की, आमच्याकडे साखर कारखान्याच्या वाटेवरील रबरी चाकांच्या उसाच्या गाडीस शेतकरी आजही डनलॉप गाडीच म्हणतात.

चाकाची बाजू अशी सुधारत असताना रस्त्याची बाजू कोणी तरी हाती घेणे अगत्याचे होते, आणि ते काम एका मराठी कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखाली झाले, याचा महाराष्ट्रास पुरता विसर पडला आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. तिने १९२८ मध्ये अहवाल दिला, आणि रस्त्यांची जबाबदारी केवळ स्थानिक लोकल बोर्डांवर टाकून भागणार नाही, तिच्यासाठी पेट्रोलवर अधिक कर बसवून मध्यवर्ती निधी उभारला पाहिजे, असे तिने स्पष्ट सांगितले. १९२९ साली तो निधी स्थापन झाला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था जन्मास आली. आणि १९४३ साली नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशाची पहिली वीस वर्षांची रस्तेयोजना आखून राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी केली. आज मोहालीचा स्वार ज्या डांबरी रस्त्याच्या भरवशावर २८ मिलिमीटरचे टायर बसवितो, त्या भरवशाची पहिली सनद जयकरांच्या दफ्तरातून निघालेली आहे.

याच नागपूर योजनेच्या पाठोपाठ फाळणी आली, पंजाबची राजधानी लाहोर परराज्यात गेली, आणि विस्थापितांच्या लोंढ्याबरोबर दोन गोष्टी या प्रदेशात घडल्या. कमालिया गावातून आलेल्या मुंजाल बंधूंनी अमृतसर आणि मग लुधियाना येथे सायकलींच्या सुट्या भागांचा व्यापार सुरू केला. १९५६ साली त्यांनी हीरो सायकल्सची स्थापना केली, आणि १९८६ पर्यंत तो कारखाना जगातील सर्वांत मोठा सायकल-उत्पादक म्हणून गणला गेला. एव्हॉनसारखे इतर कारखाने, आणि पुढे राल्सन, मेट्रो ही टायरांची नावे याच गावाने वाढविली. या कारखानदारीने मुख्यतः तीच २८ × १½ ची सायकल घडविली. कारण तिचा गिऱ्हाईक होता शेतमजूर, कारकून, आणि दोन्ही बाजूंस दुधाचे पिंप लटकवून पहाटे गावाहून शहराकडे निघणारा दूधवाला, ज्यास इकडे दोधी म्हणतात. एवढा भार घेऊन खेड्याच्या वाटेवरून जाणाऱ्या चाकाची रुंदी दीड इंचाहून कमी करणे हा कारखानदाराच्या दृष्टीने अविचारच ठरला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे चंडीगड. १९५१ पासून ल कोर्बुझ्ये, त्याचा चुलत बंधू प्येर जान्रे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी सुमारे ८०० मीटर रुंद आणि १,२०० मीटर लांब अशा विभागांची जी आखणी केली, तिच्यात रस्त्यांच्या सात श्रेणी कल्पिल्या होत्या: परगावाहून येणारा वेगवान हमरस्ता ही पहिली, आणि हिरव्या पट्ट्यांतून जाणारी पाऊलवाट ही सातवी. नंतर सायकलींसाठी आठवी श्रेणी जोडण्यात आली. ज्या देशात सायकलस्वारास मोटारीच्या मर्जीवर जगावे लागे, तेथे त्याच्या वाटेस स्वतंत्र श्रेणी देणे हा त्या नगररचनेचा मला फार मोठा विशेष वाटतो. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना होऊन चंडीगड केंद्रशासित झाले, आणि त्याच्या दक्षिण-पश्चिम कडेस मोहाली गावाच्या जमिनीवर पंजाबने आपले नवे नगर वसविले. गुरू गोविंदसिंगांचे ज्येष्ठ पुत्र साहिबजादा अजितसिंग यांचे नाव त्यास दिले गेले, आणि २००६ मध्ये ते जिल्ह्याचे ठिकाण झाले. चंडीगडच्या विभागांचा क्रम मोहालीत पुढे चालू राहिला, काटकोनी रस्ते चालू राहिले; सायकलीची वाट मात्र कोठे सलग राहिली, कोठे फरसबंदीच्या ठोकळ्यांवरून गेली आणि कोठे चौकापाशी येऊन थांबली.

आता पश्चिमेकडे वळले पाहिजे. कारण शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर हे तिकडून आलेले आहे, आणि त्याची कहाणी भ्रमाची कहाणी आहे. फ्रान्समध्ये साँत-एत्येन येथे राहणारा पॉल द विव्ही, जो व्हेलोसिओ या टोपणनावाने आपले सायकलविषयक मासिक चालवीत असे, तो विसाव्या शतकाच्या आरंभी रुंद आणि लवचीक टायरांचा आग्रह धरीत होता. डोंगरी, खडबडीत रस्त्यांवर शेकडो किलोमीटर जाणाऱ्यास तीच कमी थकवितात, हा त्याचा अनुभव होता. शर्यतीच्या जगाने त्याचे ऐकले नाही. युरोपातील रस्ते डांबरी होत गेले तसतशी शर्यतीची टायरे आकसत गेली, आणि १९८० नंतर तर २० ते २३ मिलिमीटर रुंदीचे, १०० पौंडांहून अधिक हवा भरलेले, हाताने दाबले तर लाकडासारखे लागणारे टायर म्हणजेच वेग, अशी श्रद्धा दृढ झाली. या श्रद्धेस प्रयोगशाळेचा आधार होता, हे विशेष. गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवून रोध मोजला की हवा जितकी अधिक तितका रोध कमी, असे उत्तर प्रत्येक वेळी मिळे. उत्तर खरे होते. परंतु पोलादी पिंपावरून कोणीही गावास जात नाही. पिंपाला खड्डा नसतो, डांबरातून डोके वर काढणारी खडी नसते, आणि मुख्य म्हणजे त्या यंत्रावर हाडामांसाचा स्वार बसलेला नसतो.

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे. टायर जमिनीस टेकते तेथे ते चपटे होते, आणि फिरताना त्याचा प्रत्येक भाग वाकून पुन्हा सरळ होतो. या वाकण्यात रबर आणि कापड जी शक्ती घेतात ती पूर्णपणे परत देत नाहीत, थोडी उष्णतेत घालवितात. रोलिंग रेझिस्टन्स म्हणून ज्यास म्हणतात त्याचा मुख्य उगम हाच. एका चाकावर ४० किलो भार असेल आणि दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब असेल, तर जमिनीस टेकलेला पृष्ठभाग सुमारे १० चौरस सेंटिमीटर राहणार. टायर अरुंद असो वा रुंद, हा हिशेब बदलत नाही. बदलतो तो त्या पृष्ठभागाचा आकार. अरुंद टायरखाली तो लांबट होतो, रुंद टायरखाली आखूड आणि आडवा होतो. आणि आखूड पट्ट्यात टायरास कमी वाकावे लागते. म्हणून तेच कापड, तेच रबर आणि तोच दाब असता रुंद टायराचा रोध कमी असतो. परंतु दाब तोच ठेवणे इष्ट नसते, कारण टायरच्या कापडावरील ताण हा दाब आणि रुंदी यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढतो: २३ मिलिमीटरच्या टायरात ११० पौंड भरल्याने जो ताण येतो, तोच ३२ मिलिमीटरच्या टायरात अवघ्या ७९ पौंडांनी येतो. कमी दाबाचे टायर खड्यास आपल्यात सामावून घेते, आणि स्वारास वर उचलण्यात जाणारी शक्ती वाचते.

ही दुसरी बचत पिंपावर मोजता येत नव्हती, म्हणून ती अनेक दशके हिशेबाबाहेरच राहिली. २००६ च्या सुमारास अमेरिकेत यान हाइने यांच्या त्रैमासिकाने प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेतल्या, मुद्दाम खडबडीत केलेल्या पट्ट्यांवर स्वारासह मोजमापे केली, आणि स्वाराच्या शरीरात विरून जाणारी शक्ती केवढी मोठी असू शकते हे दाखवून दिले. पुढे अभियंते जॉश पर्टनर यांनी असे मांडले की, प्रत्येक रस्त्याचा स्वतःचा एक दाब असतो. तेथपर्यंत हवा वाढविली तर रोध घटत जातो, आणि त्यापलीकडे गेले की तो एकदम चढू लागतो. रस्ता जितका खडबडीत, तितकी ही मर्यादा अलीकडे. अरुंद, टणक टायरावर हाताला झिणझिण्या येतात आणि स्वारास वाटते की आपण वेगात आहोत. वस्तुतः ती झिणझिण म्हणजे खर्ची पडलेल्या वेगाची पावतीच होय.

या ज्ञानाने शर्यतींचे जग बदलले. गेल्या दशकात २५ मिलिमीटरची टायरे रूढ झाली, मग २८ ची झाली, आणि पॅरिस–रूबेसारख्या दगडी फरसबंदीच्या शर्यतीत तर ३० आणि ३२ च्याही पुढे मजल गेली. यात डिस्क ब्रेकचा मोठा वाटा आहे. जुने ब्रेक चाकाच्या कडेस दोन्ही बाजूंनी चिमटीत धरीत, त्यामुळे रुंद टायरास जागाच उरत नसे. २०१८ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकना कायमची मान्यता दिली आणि ही आडकाठी दूर झाली.

मग लुधियानाची ती काळी सायकल प्रथमपासून बरोबर होती काय? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. तिची रुंदी निःसंशय बरोबर होती. पण तिचे जाड सूत आणि जाड रबर वाकताना पुष्कळ शक्ती गिळतात, आणि तीच तिची मंदता होय. बारीक धाग्यांचे लवचीक कापड आणि ते झाकणारे पातळ, चांगल्या प्रतीचे रबर हा शर्यतीच्या टायरचा खरा गुण. अरुंदपणा हा त्याला चिकटलेला दोष होता. गरिबाच्या टायरची रुंदी आणि शर्यतीच्या टायरचे कापड यांचा संयोग होण्यास शंभर वर्षे लागली, याचे कारण दोन्हींकडे पाहणारी माणसे वेगवेगळ्या जगांत राहत होती.

मोहालीच्या स्वाराने यातून काय घ्यावे, ते आता सांगतो. ८० किलोचा स्वार १० किलोच्या सायकलीवर ताशी ३० किलोमीटरने जात असता रोधगुणांक, म्हणजे भाराच्या मानाने रोध, ०.००५ असेल तर टायरांवर सुमारे ३७ वॅट शक्ती खर्च होते, गुणांक ०.००४ वर आणला तर ती २९ वर येते. एवढा फरक केवळ टायरची जात आणि ट्यूबचे रबर बदलून पडू शकतो, म्हणून रुंदीच्या आधी कापड पाहावे. रुंदीपुरते बोलावयाचे तर, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यासारख्या सलग डांबरावर ज्यास वेगानेच जावयाचे आहे, त्याला २८ मिलिमीटर आणि सुमारे ७० ते ७५ पौंड हवा पुरे. पण ज्याची वाट फरसबंदीच्या ठोकळ्यांवरून, खोदून बुजविलेल्या चरांवरून, खरड किंवा कुराळीकडील गावरस्त्यांवरून जाते, त्याने ३२ मिलिमीटर आणि ५५ ते ६० पौंड घ्यावेत, आणि वेग घटेल ही धास्ती सोडून द्यावी. वाऱ्याचा रोध मात्र विसरू नये: चाकाची कड टायरहून थोडी, म्हणजे शेकडा पाचने, अधिक रुंद असावी असा एक व्यवहारी नियम आहे, आणि अरुंद कडेवर फुगलेले टायर बसविले तर वेगवान स्वारास रुंदीचा नफा वाऱ्यात गमवावा लागतो. येथील हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. हवा २० अंशांवर असता ८० पौंड भरलेले टायर ४५ अंशांपर्यंत तापले की सुमारे ८८ पौंडांवर जाते, म्हणून ज्येष्ठाच्या उन्हात निघणाऱ्याने पहाटे थोडी हवा कमीच भरावी.

लांब अंतराच्या सायकलस्वारीत हे सारे अधिकच खरे ठरते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करण्याच्या ब्रेव्हे आज पुण्या-नाशिकाप्रमाणे चंडीगडलाही होतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात पुरी केली, आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. अशा पल्ल्यावर स्वाराचे शरीर हेच यंत्राचे सर्वांत नाजूक अंग असते, आणि त्यास वाचविणारे टायर हेच अखेरीस वेगवान टायर ठरते.

परंतु रुंद टायर हा व्यक्तीचा उपाय आहे, आणि व्यक्तीच्या उपायाने समाजाचे कर्तव्य फिटत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो ३२ मिलिमीटरचे उत्तम टायर घेऊन खडबडीत वाटेचा उपद्रव कमी करील; दोध्यास आणि कारखान्याच्या पाळीवर निघालेल्या मजुरास ती सोय नाही, त्यांच्या पायांतील शक्ती रोज त्या खड्ड्यांत जिरते, आणि तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. जयकर समितीने रस्त्यांचा खर्च राष्ट्राने उचलावा असे सांगितले, चंडीगडच्या रचनाकारांनी सायकलीस स्वतंत्र श्रेणी दिली. या दोन विचारांचा मोहालीने घेण्यासारखा अर्थ एवढाच की, मोटारींच्या रस्त्याचा पृष्ठभाग ज्या काटेकोरपणे तपासून घेतला जातो, त्याच काटेकोरपणे सायकलींची वाटही तपासून घेतली जावी, ती ठोकळ्यांऐवजी सलग डांबराची असावी, आणि चौकापाशी ती तुटू नये. तसे झाले तर टायरची रुंदी निवडणे हा पुन्हा दुकानातील दोन वाक्यांचा प्रश्न होईल, आणि माझ्या मते त्याची खरी जागा तीच आहे.